धवलारणीची रजा

सखुबाईंना मिनिस्टर मी केलं. ना निवडणूक, ना शपथविधी. ठाकुर्ली स्टेशनजवळच्या सुदेशच्या दुकानात, एका दुपारी, चहा येईपर्यंतच्या वेळात हे काम उरकलं.

सुदेश पासपोर्ट-व्हिसाचे फॉर्म भरून देतो. सखुबाईंना मुलीकडे आयर्लंडला जायचं होतं, सहा महिन्यांसाठी, आणि सोबत म्हणून मी गेलो होतो. 'व्यवसाय' या रकान्यापाशी सुदेश थांबलासुद्धा नाही. खाडखाड टाइप करून पुढे निघाला.

"काय लिवलंस?" सखुबाईंनी विचारलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण समोरचा माणूस आपल्याला न विचारता काहीतरी लिहितोय हे बरोबर कळतं.

"हाउसवाइफ, आजी. सगळ्या आज्यांचं तेच टाकतो."

"मानूस जाऊन धा वर्सं झाली. मी आथा कुनाची वाइफ?" सखुबाई म्हणाल्या. "धवलारीन लिव."

सुदेशने माझ्याकडे पाहिलं. मी ठाण्याच्या एका छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली. चुकीचा शब्द दिसला की मला आजही खाज सुटते, आणि 'हाउसवाइफ' हा शब्द सखुबाईंच्या बाबतीत इतका चुकीचा होता की मी खुर्ची ओढून संगणकाजवळ गेलो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागातल्या आगरी घरांत लग्न असलं की भटजी नंतर येतो, आधी धवलारीण येते. ती बाई असते. मांडवात बसून ती तांदळाचा चौक भरते, आणि हात चालवता चालवता धवला गाते. त्या गाण्यातून देवांना, गावदेवीला आणि त्या घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावलं जातं. सगळे आले की लग्न लागतं. सखुबाई एक्केचाळीस वर्षं हे काम करत आल्या. चोळे, ठाकुर्ली, मोहने, पार कोपरीपर्यंत, जिथे त्यांचं माहेर. एवढ्या गावांतल्या एवढ्या घरांतले मेलेले लोक त्यांना नावानिशी पाठ होते, आणि यातलं एक अक्षरही कुठे लिहिलेलं नव्हतं.

याला इंग्रजीत काय म्हणायचं? सुदेशने पर्यायांची यादी उघडली. मेकॅनिक, मर्चंट, मिडवाइफ, आणि त्याखाली 'मिनिस्टर ऑफ रिलिजन'.

"हे टाक," मी म्हणालो. "धर्मकार्य करणारी व्यक्ती. अगदी बरोबर बसतं."

सुदेशने टाकलं. आणि मग स्वस्थ बसला असता तर तो सुदेश कसला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत झालं की आजी मिनिस्टर झाल्या. भाजीवाला विचारू लागला, लाल दिव्याची गाडी कधी? मच्छीवाली म्हणाली, मंत्रीनबाय, आमचा गटार तेवरा बंद करून द्या. सखुबाईंनी हे सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि गटाराचं बघते म्हणाल्या.

आमची इमारत सखुबाईंच्या सासऱ्यांच्या जमिनीवर उभी आहे. पूर्वी तिथे भातशेती होती. आता तळमजल्यावर सखुबाई राहतात आणि तिसऱ्या मजल्यावर मी. इमारत बांधताना त्यांनी एकच अट घातली होती, मागचं थोडं अंगण आणि तुळस तशीच राहिली पाहिजे. माझं नाव मधू. पण चष्मा लावणाऱ्या प्रत्येक माणसाला त्या मास्तर म्हणतात, आणि मी कधीच दुरुस्ती केली नाही, हे माझ्या स्वभावात न बसणारं आहे.

परदेशाचं निघालं ते त्यांच्या गळ्यामुळे. वैशाखात एका लग्नात त्यांचा आवाज मधेच बसला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आवाजाच्या पडद्यांवर गाठी आल्यात. वर्षभर गाणं पूर्ण बंद, बोलणंही कमी. नाहीतर आवाज कायमचा जाईल. हे कल्पिताला कळलं. कल्पिता त्यांची एकुलती एक मुलगी, आयर्लंडमध्ये कॉर्क नावाच्या गावी नर्स आहे. तिने फोनवर सरळ सांगितलं, "आये, तू तिथं राहिलीस तर गाशीलच. कुणी दारात आलं की तुझ्यानं नाही म्हणवायचं नाही. लग्नांचे सहा महिने इकडे ये." आणि तिकीट काढलं.

याआधी सहा वर्षं ती बोलावत होती, आणि सहा वर्षं सखुबाई 'सीझन हाय' म्हणून टाळत होत्या. खरं कारण सीझन नव्हतं. कल्पिताने तिकडेच, तिकडच्या मुलाशी, कचेरीत सह्या करून लग्न केलं होतं. आईला आदल्या दिवशी फोन केला. रजा नव्हती, पैसे नव्हते, घाई होती, सगळं खरं असेल. सखुबाई भांडल्या नाहीत. एकदाच मला म्हणाल्या, "मास्तर, हजार पोरींना मांडवातनं काढलं. माजी पोर कोऱ्या लग्नानं गेली." 'कोरं लग्न' हा शब्द मी कुठेच वाचलेला नाही. पण तो तपासायला घ्यावा असंही मला वाटलं नाही.

तर मिनिस्टरकीचं पुढे असं झालं की आठवड्याने सुदेश धावत आला. मिनिस्टर लिहिलंय म्हणजे संस्थेचं पत्र लागणार. या बाई आमच्याकडे अमुक वर्षं सेवेत आहेत, त्यांना इतकी रजा मंजूर केली आहे, असं.

"रजा?" सखुबाईंनी तो शब्द दोनदा उच्चारला. त्यांना तो फारच आवडला. एक्केचाळीस वर्षांत आपल्याला रजा असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "मना रजा देनार कोन?"

मी म्हटलं, देवळाच्या विश्वस्तांकडून पत्र घेऊ. गावदेवीच्या देवळाचे विश्वस्त त्यांचेच दूरचे दीर. ते म्हणाले, लिहून आणा, सही करतो. मी बसून फक्कड पत्र तयार केलं आणि सखुबाईंना मराठीत वाचून दाखवलं. सेवा, रजेचा काळ, परत येण्याची तारीख, सगळं आलं होतं.

ऐकून त्या म्हणाल्या, "यात माज्या जाग्याव कोन, ते नाय लिवलंस."

"ते लिहावं लागत नाही."

"तुमच्या हापिसात कोन रजेव गेला तर काय करायचे?"

"चार्ज देऊन जायचा. दुसऱ्याच्या हाती काम सोपवून."

"मंग," त्या म्हणाल्या, आणि पत्र घडी करून उशीखाली ठेवलं. सहीला दिलंच नाही.

मला राग आला. मी दोन तास घालवले होते त्या पत्रावर. पण खरी अडचण मला त्यांच्या पुतणसुनेने, रुपालीने सांगितली. मार्गशीर्षात पलीकडच्या गल्लीतल्या अक्षदाचं लग्न होतं. हल्ली बरीच घरं धवला सोडून नुसता डीजे लावतात. अक्षदाने मात्र हट्ट धरला होता की आईच्या लग्नात धवला झाला, माझ्याही झाला पाहिजे. सखुबाईंनी तिला वैशाखातच शब्द दिला होता. आता त्या नसणार. आणि आसपासच्या गावांत दुसरी धवलारीण उरली नव्हती. शेवटची दोन वर्षांपूर्वी वारली.

"मग तू म्हण की," मी रुपालीला म्हटलं. "अकरा वर्षं त्यांच्या शेजारी बसून गातेस."

"मी गात नाय, मधूकाका. मी झेलते."

धवल्यात एकजण ओळ सोडते आणि दुसरी ती झेलते, म्हणजे तीच ओळ तशीच्या तशी परत म्हणते. रुपाली एका औषधांच्या दुकानात काम करते, स्कूटर चालवते, तोंडाने फटकळ आहे, पण धवल्यात ती कायम एक ओळ मागे. तिला सगळं येत होतं आणि सुरुवात येत नव्हती. पुढची ओळ समोरून आल्याशिवाय तिच्या गळ्यातून काही निघतच नसे.

मी म्हटलं, सोपं आहे, सखुबाईंनी हळू आवाजात सांगायचं, मी लिहून घेतो. वही आणली, पेन आणलं. सखुबाई सोफ्यावर बसल्या, डोळे मिटले, आणि त्यांना एक ओळ आठवेना. खरोखर आठवेना. रिकाम्या हातांकडे बघत बसल्या. त्यांचा धवला डोक्यात नव्हता, हातात होता. बोटांतून तांदूळ सुटू लागले की ओळी सुटत.

"मग तांदूळ घ्या," मी म्हणालो.

तेव्हा त्यांनी मला त्यांच्या सासूचा नियम सांगितला. सासूच त्यांची गुरू. ती म्हणे, लग्न नसताना धवला म्हणायचा नाही. शिकवायलाही नाही, गंमत म्हणूनही नाही. कारण बोलावलं की ते येतात. लांबून, पायी पायी, नवे कपडे करून येतात. आणि येऊन बघतात तर मांडव नाही, नवरी नाही. "पावन्यांना बोलवून दार बंद ठेवायचा कं, मास्तर?"

वही मिटून मी वर गेलो.

भाद्रपद-आश्विनाचे ते दिवस अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत. लग्नं बंद. दुपारी इमारत झोपलेली. तळमजल्याच्या दारात सखुबाई बसलेल्या, शेजारी उघडी बॅग. त्या बॅगेत रोज काहीतरी जायचं आणि रोज काहीतरी बाहेर यायचं. सुकट चालत नाही म्हटल्यावर सुकट बाहेर. कल्पिताने पाठवलेले पांढरे बूट आत, मग सवय करायला बाहेर. नऊवारी लुगडं आणि ते बूट अशा वेषात त्या संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारत आणि खालची पोरं त्या फेऱ्या मोजत.

दुपारी मी खाली जाऊन बसायचो. डॉक्टरांनी बोलायला मना केलेलं, म्हणून त्या हळू, जवळजवळ स्वतःशीच बोलत. कधी कधी मला कळत नसे की हे मला सांगताहेत की अंगणातल्या उन्हाला.

"मास्तर, तिकरे देव येतान कं?"

"कुठे, आयर्लंडला?"

"आमचे गावदेवी पायी येते. खंडोबा घोऱ्याव. खारीचे देव होरीतनं. तिकरे समिंदर मोठा. होरी पोचनार नाय." मग थोड्या वेळाने, "कल्पितानं तिकरची नदी दाखवली फोनमदी. भरती व्हते तिला. चिखल पन दिसतो. चिखल हाय म्हंजे यील कोनतरी."

देवांची त्यांना एवढी काळजी नव्हती. काळजी होती मेलेल्या माणसांची. देवांना वाट सापडते, माणसांना सांगावी लागते, असं त्यांचं म्हणणं. मेलेल्या लोकांना जुनं गाव ठाऊक. शेताचे बांध, विहीर, चिंच. आता बांध नाहीत, आणि लग्नं कल्याणच्या हॉलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. म्हणून गेली वीस वर्षं त्या धवल्यात वाटही सांगत आल्या होत्या. चिंचेपाशी वळा, चिंच नाही आता, तिथे बँक आहे. विहिरीवरून या, विहीर बुजली, वर गाड्या उभ्या असतात, सांभाळून या. ही भर सासूच्या धवल्यात नव्हती. ती सखुबाईंची स्वतःची. मी छत्तीस वर्षं इतरांच्या पुस्तकांत एक स्वल्पविराम घालताना घाबरलो, आणि या बाईने शेकडो वर्षांच्या गाण्यात बँक बसवली.

"मी गेले तर त्यांना वाट कोन सांगंल?" त्या विचारायच्या. "येतील, आन फिरत राहतील. रेल्वेच्या फाटकापाशी उबे राहतील. फाटक पन बंद झाला."

मी गंमत करायला गेलो, "तिथे पूल झाला ना आता."

"त्यांना ठाव नाय नं," सखुबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. मग मीही पुलाखाली उभ्या असलेल्या, नवे कपडे केलेल्या त्या माणसांचा विचार करू लागलो, आणि दुपार तशीच निघून गेली.

एकदा त्यांनी स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील कोपरीच्या पलीकडे मिठागरात कामाला. सखुबाई नऊ वर्षांच्या असताना गेले. लग्नात चौकाजवळ बसल्या होत्या, डोक्यावर पदर, भूक लागलेली, काही कळत नव्हतं. सासूने धवला सुरू केला आणि एकेक नाव घेता घेता यांच्या वडिलांचं नाव घेतलं. "तवा मना वाटलं, बापूस भायेर उबा हाय. पाय धुतो. मिठाचे पाय, लवकर नाय निगत. म्हनून उशीर लागला." त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "मंग मी रडले नाय. सगल्या पोरी रडतान. मी नाय रडले. बापूस आयला व्हता नं."

त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं की कल्पिताच्या लग्नात नेमकं काय झालं नव्हतं. कल्पिताचे वडील काळुराम तिच्या लग्नाआधी चार वर्षं गेले होते. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. आणि नंतर घरात दुसरं लग्न झालं नाही, म्हणून आजवर कधीच बोलावलं नव्हतं. दुनियेच्या मेलेल्यांना आवतण देणाऱ्या बाईचा स्वतःचा माणूस दहा वर्षं आवतणाशिवाय होता.

मला फार वाईट वाटलं. पण मी काय करणार. मी पुन्हा पत्राचा विषय काढला, आणि त्यांनी पुन्हा उशीकडे बघितलं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा सुदेश म्हणाला, "आजी, आता पत्र नाही दिलं तर तिकीट फुकट. मी तुम्हाला परत हाउसवाइफ करू का? नो टेन्शन, दोन मिनिटांचं काम." सखुबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उरलेला चहा न पिता गेला.

तोडगा काढला रुपालीने. मला काढता आला असता तर बरं झालं असतं, पण खरं ते सांगितलं पाहिजे. ती दुकानातून येता येता ऊस घेऊन आली होती, घरच्या कुंडीतल्या तुळशीसाठी आगाऊच. ऊस भिंतीला टेकवला आणि म्हणाली, "काकी, तुलशीचा लगीन लगीनच हाय नं?"

सखुबाई म्हणाल्या, तो पोरांचा खेळ.

"भटजी मंगलाष्टका बोलतो. अंतरपाट धरतात. नवरा हाय, नवरी हाय. त्याच्याबिगर कुनाचा लगीन लागत नाय. मंग खेल कसा?"

सखुबाई दोन दिवस त्यावर विचार करत होत्या. बॅगेत काही गेलं नाही, बाहेर काही आलं नाही. गच्चीवरच्या फेऱ्या बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभ्या. "मास्तर, पावने आले तर मांडव दिसंल, नवरी दिसंल. म्हंजे खोटा नाय."

"नाही," मी म्हणालो. "खोटं मुळीच नाही." चार्ज द्यायला एक लग्न मिळालं होतं.

त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं, माझ्या तारखा तशाच ठेवून. खाली कोऱ्या जागेत कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, 'बदली: रुपाली'. ते वेलांट्यांसकट बरोबर होतं. विश्वस्तांनी सही केली, आणि व्हिसा वेळेत आला.

तुळशीचं लग्न द्वादशीच्या संध्याकाळी आणि विमान दुसऱ्या दिवशी. अंगणात चार उसांचा मांडव, बोरं, आवळे, चिंचा, नव्या साडीचा तुकडा गुंडाळलेली तुळस. आमच्या इमारतीतली पंधरा-वीस माणसं जमली. अक्षदाही आली, स्वतःच्या लग्नाची तालीम बघायला आल्यासारखी. कल्पिताला व्हिडिओ कॉल लावून फोन उसाला टेकवून ठेवला होता. तिकडे दुपारचा एक वाजलेला. ती इस्पितळाच्या जेवणाच्या खोलीत निळ्या गणवेशात बसलेली, समोर डबा.

रुपाली चौकासमोर बसली, आणि आज सखुबाई तिच्या शेजारी, झेलणारीच्या जागी. गळ्याला मफलर. त्यांनी फक्त गुणगुणायचं, असं ठरलं होतं. रुपालीने तांदळाची मूठ भरली. हात नुसताच हवेत. सखुबाई तिच्याकडे बघेनात, मुद्दाम, आवळ्यांकडे बघत राहिल्या. त्यांनी ओळ सोडली असती तर रुपाली पुन्हा झेलणारीच झाली असती, हे त्यांना माहीत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग तांदूळ सुटले. पहिली रेघ वाकडी पडली, आणि रुपालीच्या तोंडून, तिलाच नवल वाटावं असा, आवाज निघाला.

"पयलं आवतन कुनाला, गावदेवीला, गावदेवीला..."

सखुबाईंनी झेललं, श्वासापुरतं. मग खंडोबा झाला, खाडीचे देव झाले. रेघा सरळ होत गेल्या. रुपालीने देवांनाही वाट सांगितली, फाटक बंद झालंय, नव्या पुलावरून या, डावीकडे औषधांचं दुकान लागेल. कुणीतरी हसलं. सखुबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते दुकानही झेललं.

मग माणसांची पाळी आली, आणि रुपाली थांबली. मला कारण कळलं. नवरीच्या घरच्या मेलेल्यांना बोलवायचं असतं. तुळशीचं घर कोणतं? तुळशीचे कोण मेलेत? इतका वेळ आम्हा कुणालाच हे सुचलं नव्हतं, आणि सखुबाईंनाही नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्या पुढे सरकल्या. ओळ सोडायला त्यांनी तोंड उघडलं.

त्याआधी रुपालीने मूठ भरली आणि आवाज वर नेला.

"यो आवतन कुनाला, कालुरामाला, कालुरामाला. फाटकाची वाट सोडा, पुलावरनं या. कल्पिताच्या लग्नाला, लेकीच्या लग्नाला या."

चुकली, असं मला पहिल्यांदा वाटलं. सवयीने. नवरी तुळस आहे, नाव चुकलं. मी तोंड उघडणार होतो. मग फोनमध्ये कल्पिताच्या हातातला चमचा थांबलेला दिसला आणि मी गप्प बसलो.

ओळ सुटली होती आणि ती झेलायची होती. झेलणारीला निवड नसते, जी ओळ येईल ती तशीच्या तशी म्हणायची. सखुबाईंनी लग्नानंतर नवऱ्याचं नाव कधी घेतलेलं नव्हतं. हाक मारायलाही नाही, फॉर्म भरतानाही नाही, तिथेसुद्धा त्यांनी मला सांगायला लावलं होतं. रुपाली तांदूळ सोडत राहिली. वळून पाहिलं नाही तिने. अकरा वर्षं ती ज्या बाईच्या ओळीची वाट बघत बसायची, ती बाई आता तिच्या एक ओळ मागे होती.

सखुबाईंनी मफलर सोडला.

"यो आवतन कुनाला," त्या म्हणाल्या. गुणगुणल्या नाहीत. फाटलेला, खरखरीत आवाज, पण पुरता. "कालुरामाला, कालुरामाला." मग पूल, मग लेकीचं लग्न. शेवटपर्यंत. डॉक्टरांनी ऐकलं असतं तर फाईल फेकून दिली असती. मी कुणाच्या देखत रडत नाही, त्या दिवशी रडलो.

"आये," फोनमधून आवाज आला. कल्पिता खोलीतून उठून कुठेतरी कोपऱ्यात गेली होती, मागे नुसती पांढरी भिंत दिसत होती. "आये, बाबा आले?"

सखुबाईंनी उसांच्या पलीकडे, अंगणाच्या दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आम्हीही सगळे तिकडेच बघू लागलो.

"आले," त्या म्हणाल्या. "जेवल्याबिगर जायचे नाय. तू तुजा डबा खा."

तोवर रुपालीने पुढचं नाव घेतलं होतं, आणि सखुबाई ते झेलायला वळल्या.